खो-खोचा गडी फिल्मवर पुसट का येतो? तपासणी निगेटिव्हपासून सुरू करा

डिसेंबर लागला, शाळा-कॉलेजांचे सामने सुरू झाले की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराची बेल वाजायला लागते. दारात विशी-बाविशीचं कुणीतरी, गळ्यात वडिलांचा नाहीतर मामाचा जुना कॅमेरा, हातात मोबाइल. मोबाइलवर लॅबने पाठवलेले स्कॅन. "काका, बघा ना, खांब मस्त आलाय आणि गडी म्हणजे नुसता धूर. लेन्स बदलू का?"

लेन्स बदलू नका. निदान आज तरी नको. मी स्वतः शाळेत खो-खो खेळायचो. मग गुडघा गेला आणि कॅमेरा आला. तेव्हापासून हाच एक दोष स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या रोलमध्ये इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता निगेटिव्ह बघून सामना किती वाजता चालू होता तेही सांगता येतं. खरोखर लेन्सची चूक निघाली असे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९२३ साली हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे अखिल भारतीय सामने जिथे भरवले, त्या बडोद्यात मैदानी खेळाचे फोटो धड येऊ नयेत हे मला व्यक्तिशः लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. उदाहरणं खो-खोची आहेत, पण कबड्डी, फुटबॉल, सायकलच्या शर्यती, सगळीकडे हेच लागू पडतं.

स्कॅन नको, पट्टी दाखवा

दोष ओळखायचा तो निगेटिव्हवर. लॅबचं मशीन प्रत्येक फ्रेम आपल्या परीने सावरून घेतं. अंधारी फ्रेम उजळतं, फिकी गडद करतं, कडांना धार लावतं. स्कॅन बघून निदान करणं म्हणजे तापाची गोळी घेऊन मग डॉक्टरकडे जाणं. लॅबवाल्याला रोल देतानाच सांगा की निगेटिव्हच्या पट्ट्या परत हव्यात. हल्ली बरेच जण त्या मागतच नाहीत.

मोबाइलवर कोरा पांढरा स्क्रीन पूर्ण उजेडात लावा आणि पट्टी त्याच्या दोन बोटं वर धरा. टेकवलीत तर स्क्रीनचे ठिपके दिसतील. भिंग नसेल तर ५० मिमीची लेन्स काढून, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं भोक) पूर्ण उघडून, उलटी डोळ्याला लावा. पाचपट मोठं दाखवणारं भिंग फुकटात तयार.

लक्षणं

*सगळंच ओढलेलं.* गडी, खांब, पंच, मागची रिक्षा, सगळं एकाच दिशेला सरकलेलं. हात हलला.

*खांब कुरकुरीत, गडी पुसट.* शटर, म्हणजे फिल्मसमोर क्षणभर उघडणारा पडदा, संथ पडलं. इथे गड्याचे पाय नीट बघा. धावताना जमिनीवर टेकलेला पाय तेवढ्या क्षणापुरता स्थिर असतो. तो बूट स्वच्छ आणि बाकीचा गडी वाहून गेलेला असेल तर फोकस बरोबर होता, शटरच कमी पडलं. ही खूण मला फार उशिरा सापडली आणि त्यानंतर निम्मे वाद मिटले.

*गडी मऊ, पण ओढलेला नाही.* कडा सगळ्या बाजूंनी सारख्याच विरघळलेल्या, आणि त्याच्या मागे बसलेल्या गड्याच्या बनियनचा नंबर मात्र स्वच्छ वाचता येतो. हा फोकस.

*सगळं स्वच्छ, पण गडी पाठमोरा किंवा फ्रेमबाहेर.* उशीर झाला.

*निगेटिव्ह पातळ.* काळ्या केसांच्या, सावलीच्या जागी फिल्म जवळजवळ कोरी. स्कॅनमध्ये हेच राखाडी चिखल आणि वाळूसारखे दाणे होऊन दिसतं. प्रकाश कमी पडला.

*निगेटिव्ह जाड, गडद, आणि तरीही गडी पुसट.* हे लक्षण बहुतेकांना चक्रावून टाकतं. प्रकाश भरपूर, मग पुसट का? उत्तर पहिल्याच तपासणीत आहे.

*फ्रेमची एकच बाजू अंधारी.* शटरचा पडदा. तपासणी सोडा, थेट शेवटाकडे जा.

*दिव्यांखालीच येणारे फिकट-गडद पट्टे.* दिव्यांचा दोष, तुमचा नाही.

*पूर्ण रोल कोरा.* कडेचे छापील आकडे दिसत असतील तर धुलाई ठीक झाली, फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नव्हती. आकडेही नसतील तर धुताना घोटाळा झाला. लॅबशी भांडायला जाण्याआधी हे बघून जा.

एका रोलवर दोन-तीन लक्षणं एकत्र सापडणं नेहमीचंच. सर्वांत जास्त दिसणारी जोडी म्हणजे संथ शटर आणि उशीर.

फुकटातली तपासणी : डायल, नॉब, चष्मा

फिल्मच्या वेगाचा डायल बघा. आकडा जितका मोठा तितका त्या फिल्मला कमी प्रकाश पुरतो. कॅमेऱ्यात ४०० ची फिल्म आणि डायल मागच्या रोलच्या १०० वरच राहिलेला. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला वाटतं फिल्म संथ आहे, म्हणून तो चौपट प्रकाश मागतो, आणि सेकंदाच्या १/५०० च्या जागी तुम्ही मुकाट्याने १/१२५ लावता. निगेटिव्ह जाड येतं, फ्रेम वाया गेली असं वाटतही नाही, पण गडी गेलेला असतो. मी स्वतः एका अंतिम सामन्याचा अख्खा रोल असा घालवलाय. तेव्हापासून फिल्मच्या खोक्याची फाडलेली चकती कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटपट्टीने लावतो. दिसायला गबाळं आहे, पण चालतं.

रोल भरल्यावर रीवाइंडचा नॉब हलक्या हाताने फिरवून फिल्म ताणून घ्या आणि मग दोनदा लिव्हर ओढा. नॉब उलटा फिरला तर फिल्म सरकतेय. नाही फिरला तर उघडा आणि परत भरा. छत्तीस फ्रेम झाल्या, सदतीस झाल्या, चाळीस झाल्या तरी रोल संपेना, तेव्हा आनंद मानू नका.

शटरच्या डायलवर एखादा आकडा वेगळ्या रंगात असतो किंवा त्याच्याजवळ ‘एक्स’ लिहिलेलं असतं. तो फ्लॅशसाठी आहे. पेंटॅक्स के१००० वर ही खूण १/६० ला आहे. रंग दिसला म्हणजे ‘इथे ठेवा’ असा अर्थ लावून तिथेच सामना काढलेले रोल माझ्याकडे आलेत. फ्लॅशचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो : चालू सामन्यात फ्लॅश मारू नका. सूर मारणाऱ्या गड्याच्या डोळ्यांत तो गेला तर खांबावर डोकं आपटेल, आणि पंच तुम्हाला मैदानाबाहेर काढतील ते बरोबरच करतील.

चष्मा लागलाय का, ते पण बघा. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर आधीच. माझ्या एका मित्राच्या कॅमेऱ्याचा ‘फोकस बिघडला’ होता. तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला आणि फोकस दुरुस्त झाला.

शटरचा हिशोब

इथे जरा बसून घ्या. पुसट फोटोंचं मोठं कारण हेच आहे आणि एका कागदावर सुटणारं आहे.

चपळ धावक सेकंदाला सहा मीटर जातो असं धरा. १/१२५ ला शटर उघडं असेपर्यंत तो पावणेपाच सेंटिमीटर सरकतो. १/२५० ला अडीचच्या जरा आत, १/५०० ला सव्वा सेंटिमीटर, १/१००० ला सहा मिलिमीटर. म्हणजे १/१२५ ला नाक कानाच्या दिशेने निघालेलं असतं. त्यात हवेतून पुढे फेकला जाणारा पाय धडाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जातो, म्हणून धड ठीक आलं तरी पाय पुसट होतो.

लेन्स लांब झाली की हेच सरकणं फिल्मवर मोठं होतं. दहा मीटरवरून १३५ मिमीने १/१२५ ला काढलंत तर ते पावणेपाच सेंटिमीटर निगेटिव्हवर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त होतात. चार बाय सहाच्या प्रिंटवर अडीच-पावणेतीन मिलिमीटर. चेहरा ओळखू येणार नाही. तेच १/१००० ला प्रिंटवर एक तृतीयांश मिलिमीटर होतं, डोळ्याला खुपत नाही. ‘लेन्स बदलू का’ या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे : लांब लेन्स घेतलीत तर त्रास वाढेल.

आता हे आकडे आडव्या धावेचे आहेत, म्हणजे गडी तुमच्यासमोरून डावी-उजवीकडे जातोय. तो तुमच्याच दिशेने येत असेल तर फिल्मवर सरकणं फार कमी होतं आणि १/२५० वर भागतं. म्हणून मधल्या रेषेच्या बाजूला, ऐन मध्यावर बसून फोटो काढणं ही सर्वांत अवघड जागा. सगळे तिथेच बसतात, कारण तिथे प्रेक्षकांच्या खुर्च्या असतात.

कोपऱ्याजवळ बसा, खांब तिरका दिसेल असं. खांबाच्या थेट मागे मात्र नको. खांबापलीकडे धावक वळतात, आक्रमक सूर मारून पडतात, आणि त्यांच्या वाटेत तुम्ही आणि तुमचा कॅमेरा. माझ्या खांद्याला याची आठवण आहे.

दुसरी गोष्ट खेळ खेळलेल्यालाच दिसते. धावक सतत सारख्या वेगात नसतो. साखळी धरून बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी पळताना प्रत्येक वळणावर तो मंदावतो. हुलकावणी देताना तर एक क्षण पूर्ण थांबतो : वजन एका पायावर, धड एकीकडे, डोळे आक्रमकावर. त्या क्षणी १/२५० पुरतं, कधी १/१२५ सुद्धा. आणि खरं सांगायचं तर सरळ पळणाऱ्या गड्यापेक्षा तो फोटो कितीतरी बोलका येतो. ‘खो’ मिळून उठणारा गडी हाही तसाच. गुडघ्यातून सुटायच्या आधी तो स्प्रिंगसारखा आवळलेला असतो.

सूर मात्र १/१००० मागतो. कॅमेऱ्यात १/१००० आहे पण प्रकाश नाही, तर पुढचा भाग वाचा.

घड्याळ आणि झाडांची सावली

४०० ची फिल्म, लख्ख ऊन : १/५०० ला एफ १६. (एफ म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा : आकडा लहान तितकं भोक मोठं.) हे पाठ असू द्या, मीटर मेला तरी चालतं. आमच्याकडे हिवाळ्यात चारला सामना सुरू होतो तेव्हा ऊन तिरपं आणि धुळीचं असतं. १/१००० ला एफ ८ धरा. पाचच्या पुढे कडुनिंबांची सावली मैदानावर आली की १/५०० ला एफ ४. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास जातो आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांतच १/५०० हवं असेल तर एफ २ उघडावं लागतं. ५० मिमीच्या साध्या लेन्सची हद्द इथे संपते.

आणि नेमका अंतिम सामना साडेसहाला! आयोजकांची भाषणं, नारळ, पाहुण्यांची वाट, यात पाऊण तास जातो आणि सगळा दोष फोटोग्राफरच्या माथी. माझा सल्ला : उपांत्य सामने दुपारी असतात, चांगले फोटो तिथे काढा. अंतिम सामन्यात करंडकाचा फोटो काढा, तो स्थिर असतो.

मीटर फसतो तो वेगळाच. गड्यामागे पांढरं आकाश किंवा चुन्याची भिंत असेल तर त्याला प्रकाश भरपूर वाटतो आणि निगेटिव्ह पातळ येतं. सामन्याआधी स्वतःचा तळहात मैदानाच्याच उजेडात धरून त्यावर मीटर करा आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश द्या. तळहात साधारण सगळ्यांचा मध्यमापेक्षा उजळ असतो, म्हणून तो एक स्टॉप. ते आकडे लावा आणि मग सावली सरकेपर्यंत मीटरकडे बघूही नका. प्रत्येक फ्रेमला सुई जुळवत बसलात तर तोवर तीन गडी बाद झालेले असतात.

फोकस : गड्यामागे धावू नका

हाताने फोकस फिरवत पळत्या गड्याचा पाठलाग करणं जमणारे लोक असतात. मी त्यातला नाही, आणि तुम्हीही बहुधा नसाल. ५० मिमी, एफ २, सहा मीटर अंतर : यात स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम पावणेदोन मीटरचा. १३५ मिमी, एफ २.८, दहा मीटर : एका मीटरपेक्षाही कमी. गडी हे अंतर डोळ्याची पापणी लवेपर्यंत ओलांडतो.

पण खो-खोने आपल्यावर एक मोठी मेहेरबानी केली आहे. मैदानात दोन खांब आहेत, ते हलत नाहीत, आणि प्रत्येक धावकाला कधी ना कधी त्यांना वळसा घालावाच लागतो. खांबावर फोकस करा, लेन्सच्या फोकस रिंगवर कागदी टेपचा छोटा तुकडा लावून ती जागेवर धरा आणि वाट बघा. बसलेल्या आठ जणांपैकी तुमच्या बाजूचा शेवटचा गडी हे दुसरं ठाणं. या दोन जागांवर रोल संपवलात तरी मैदानभर भटकणाऱ्यापेक्षा जास्त फ्रेम हाती लागतील. कबड्डीत हेच काम बोनस रेषा करते.

उशीर

हा दोष कॅमेऱ्यात नाही, म्हणून कुणाला तो पटत नाही.

आरशाच्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आधी आरसा वर जातो, मग शटर उघडतं. त्या काळात व्ह्यूफाइंडर काळा असतो. म्हणजे सुराचा सुंदर क्षण तुम्हाला काचेत स्वच्छ दिसला, तर तो फिल्मवर नाही. शिवाय डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतोच. तेवढ्यात सेकंदाला सहा मीटर जाणारा धावक सव्वा मीटर पुढे. म्हणजे ‘आता’ असं मनात आलं की संपलं. ‘आता येणार’ असं वाटेल तेव्हा दाबायचं.

याचा सराव फुकट आहे. रिकामा कॅमेरा घेऊन एक सामना बसा. दाबा, लिव्हर ओढा, दाबा. दाबताना काचेत काय दिसलं ते आठवा : आक्रमकाचा हात धावकाला लागलेला दिसला तर उशीर, हात अजून मागे होता तर बरोबर. दोन संध्याकाळींत फरक पडतो. पोरांना हे सांगितलं की तोंडं वाकडी होतात. मग मी हिशोब सांगतो : रोल, धुलाई, स्कॅन धरून एक फ्रेम जवळजवळ शेव उसळीच्या प्लेटच्या भावात पडते. उशीर झालेल्या पंचवीस फ्रेम म्हणजे अख्ख्या संघाचा नाश्ता.

खेळ माहीत नसेल तर उशीर होणारच. म्हणून ज्या खेळाचे फोटो काढायचे त्याचे चार सामने नुसते बघा. कुठला आक्रमक सूर मारणारा आहे, कुठला नुसता पळवून दमवणारा आहे, हे दहा मिनिटांत कळतं.

हात, आणि मुद्दाम हललेले फोटो

सगळीच फ्रेम ओढली गेली असेल तर कोपरं छातीशी, एक गुडघा जमिनीवर, श्वास सोडता सोडता बटण. १३५ मिमीला १/२५० च्या खाली हातात धरू नका. इतकंच.

प्रकाश पार गेला असेल तर उलट्या बाजूने जा. १/३० किंवा १/६० लावून गड्याबरोबर कॅमेरा फिरवा, बटण दाबल्यावरही फिरवत राहा. गडी बऱ्यापैकी स्वच्छ, मागचं सगळं वाहून गेलेलं. दहात एखादी जमते. सराव काळा घोड्याच्या सर्कलवर करा : दुचाक्या एका वेगात वळतात आणि त्यांना तुमच्या कॅमेऱ्याशी काही देणंघेणं नसतं. फूटपाथवरून करा, हे वेगळं सांगायला नको.

आता पैसे : फिल्म आणि पुश

वरचं सगळं झालं आणि निगेटिव्ह तरीही पातळ येतंय, तेव्हाच इथे या.

२०० ची फिल्म संध्याकाळच्या खेळाला आणू नका. स्वस्त मिळते म्हणून लोक आणतात आणि एक स्टॉप घरीच ठेवून येतात. कृष्णधवलमध्ये इलफर्ड एचपी५ प्लस ४०० ची असली तरी १६०० समजून वापरता येते. डायल १६०० वर ठेवायचा आणि धुताना वेळ वाढवायची, यालाच पुश म्हणतात. आयडी-११ डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) पाणी न घालता, २० अंशांना : ४०० ला साडेसात मिनिटं, ८०० ला साडेदहा, १६०० ला १४. मैदानावरचे साधे दिवे जेमतेम असतील तरी १६०० वर एफ २ ला १/५०० च्या जवळ पोचता येतं. दाणे जाड होतात, सावल्या काळ्याठिक्कर होतात. पुश म्हणजे नसलेला प्रकाश निर्माण होत नाही, असलेला मोठ्याने बोलतो, एवढंच.

अख्खा रोल एकाच आकड्यावर काढा. निम्मा ४०० ला आणि निम्मा १६०० ला असं धुता येत नाही. लॅबमध्ये देत असाल तर डबीवरच मोठ्या अक्षरांत लिहा, तोंडी सांगितलेलं काउंटरवरच राहतं. रंगीत ४०० ची फिल्म एक स्टॉप पुश करून घेता येते, पण लॅब ते करते का, हे रोल काढायच्या आधी विचारा. सिनेमाची फिल्म छोट्या डब्यांत भरून विकतात, तिच्या पाठीवर काळा थर असू शकतो. तो न काढता नेहमीच्या रंगीत रसायनात गेली तर मशीन आणि बाकीच्यांचे रोल खराब होतात. विचारल्याशिवाय देऊच नका.

घरी धुणाऱ्यांनी पाण्याचं तापमान मोजा. बडोद्यात मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या वर असतं. टबात बर्फ टाकून डेव्हलपर २० वर आणा. ‘चालेल थोडं गरम’ म्हणत मी एकदा १४ मिनिटं तसंच धुतलं होतं. निगेटिव्ह इतकं काळं आलं की त्यातून सूर्यग्रहण बघता आलं असतं. (बघू नका.)

आणि रोल स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या डिकीत फिल्म शिजते, सावल्यांत धुकं येतं, रंग घसरतात. फ्रिजमध्ये ठेवा. वापरायच्या दोन तास आधी बाहेर काढा, डबी बंद ठेवूनच, नाहीतर तिच्यावर दव धरतं.

दिव्यांचे पट्टे

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. १/१००० ला शटरचा पडदा एकदम उघडत नाही, एक बारीक फट फ्रेमभर सरकत जाते, आणि तेवढ्यात दिवा उजळून मंदावतो. कापडी पडदा आडवा सरकणाऱ्या कॅमेऱ्यात पट्टे उभे येतात, धातूचा पडदा वरखाली जाणाऱ्यात आडवे. उपाय फार नाहीत : १/६० ला उतरा आणि वर सांगितल्याप्रमाणे कॅमेरा फिरवा, किंवा दुपारच्या सामन्याला या.

शेवटी कॅमेरा

मागचं झाकण उघडा, फिल्म नको, लेन्स पूर्ण उघडी. आकाशाकडे धरा (सूर्याकडे नाही) आणि १/१०००, १/५००, १/२५० ला दाबत मागून बघा. पूर्ण चौकट क्षणभर चमकली पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर शटरचे दोन पडदे एकमेकांना गाठतायत. पडद्याला बोट लावू नका, फुंकरही मारू नका. संथ वेग मोबाइलच्या स्लो मोशनने तपासता येतात : २४० फ्रेमच्या चित्रीकरणात १/३० साधारण आठ फ्रेम उघडं दिसलं पाहिजे. वरच्या वेगांना ही युक्ती पुरत नाही.

फोकसची शंका असेल तर फिल्म ज्या चकचकीत कडांवर टेकते त्यांवर अर्धपारदर्शक टेप ताणून लावा, शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत) उघडं धरा आणि गच्चीवरून लक्ष्मी विलास राजवाड्याचा मनोरा दिसत असेल तर त्याच्यावर रोखा. लेन्स अनंतावर असताना टेपवर मनोरा स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरमध्येही स्वच्छ, तर कॅमेरा निर्दोष. एक स्वच्छ आणि एक मऊ, तर आरसा किंवा फोकसची काच सरकली आहे. टेपचा चिकटपणा नंतर पुसून घ्या.

इथे थांबा

पडदा अर्धवट उघडतोय, आरसा वर अडकलाय, लिव्हर अडतेय, लेन्सच्या आत बुरशीची जाळी दिसतेय, फोकस वरच्या चाचणीत चुकतोय : यातलं काहीही असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. व्हिडिओ बघून उघडलेले कॅमेरे मी पाहिलेत. ते दुरुस्तीवाल्याकडे डबीत जातात. गंज काढायचा स्प्रे आत मारू नका, तेल पसरून पडद्यावर येतं आणि मग पडदाच बदलावा लागतो. आत फ्लॅश असलेला छोटा कॅमेरा तर अजिबात उघडू नका. बॅटरी काढली तरी त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

रोल अडकला असेल तर झाकण उघडू नका, ताकदही लावू नका. काळ्या पिशवीत हात घालून काढून देणारा लॅबवाला शोधा. आणि ज्या सामन्याचे फोटो मंडळाच्या अहवालात जायलाच हवेत, तिथे डिजिटलवाल्याला बोलवा. तुम्ही शेजारी बसून आपला रोल काढा.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना नुसतं ‘फोटो पुसट येतात’ सांगू नका. दोष दिसणारी निगेटिव्हची पट्टी न्या, फ्रेमचा आकडा आणि तेव्हाचं शटर कागदावर लिहून न्या, आणि कापडी पडद्याचा कॅमेरा असेल तर नंतर १/१००० आणि १/५०० दोन्ही तपासून मागा. तिथे पोचण्याआधी कॅमेऱ्यातला अर्धा काढलेला रोल मात्र काढून घ्या. तो माणूस सगळ्यात आधी मागचं झाकण उघडणार आहे.